पहिल्यांदाच फिट आली, डीव्हीएलएला कळवलं नाही तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की ब्रिटनमध्ये राहताना पहिल्यांदाच फिट आली, डॉक्टर म्हणाले डीव्हीएलएला (ड्रायव्हिंग लायसन्स देणारं सरकारी खातं) कळवा, आणि घरचे म्हणतात, "एकदाच तर झालंय, आपणहून पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?"

नाही, चालणार नाही. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही, पण चार वर्षांपूर्वी अगदी हाच हिशोब मी करून बसले होते.

संध्याकाळी चहा गाळत होते. त्यानंतरची पहिली आठवण म्हणजे फरशीवर पडलेली गाळणी, तोंडात रक्ताची चव आणि हिरव्या कपड्यातली ॲम्ब्युलन्सवाली बाई मला आजचा वार विचारतेय. मधला वेळ माझ्या डोक्यात नाहीच. त्याच दिवशी सकाळी मुलीला मागे बसवून मोटरवेने गेले होते, हे मला रात्री हॉस्पिटलात आठवलं.

तरी दोन दिवस गप्प बसले. मनात असं, की कळवलं की त्या दिवसापासून गाडी चालवायची बंदी सुरू होणार. मग जरा थांबू, रिपोर्ट येऊ देत. इथेच माझं चुकलं. महिने मोजले जातात ते फिट आली त्या तारखेपासून, कळवल्याच्या तारखेपासून नाही. उशिरा सांगून एकही दिवस वाचत नाही. आणि गाडी तर तशीही चालवायची नसतेच, पत्र येवो न येवो.

कळवायची जबाबदारी तुमची आहे, डॉक्टरांची नाही. मात्र सांगूनही तुम्ही गाडी चालवत राहिलात तर डॉक्टर स्वतः डीव्हीएलएला कळवू शकतात. लपवलं तर १००० पौंडांपर्यंत दंड. पण दंडाचं सोडा, अपघात झाला तर खटला होऊ शकतो आणि इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात, ती खरी भीती.

किती महिने? कारसाठी, कुठल्याही उघड कारणाशिवाय आलेली पहिलीच फिट असेल आणि तपासण्यांत काळजीचं काही सापडलं नाही, तर साधारण ६ महिने. पुन्हा येण्याचा धोका जास्त वाटला किंवा एपिलेप्सीचं (वारंवार फिट येण्याच्या आजाराचं) निदान झालं तर १२. बस-लॉरीवाल्यांचं फार कडक आहे: एकाच फिटनंतर ५ वर्षं, एपिलेप्सी असेल तर १०, आणि तीही गोळ्यांशिवाय.

मला ६ महिन्यांची आशा होती. न्यूरॉलॉजिस्टने नवऱ्याला विचारलं, "ह्या कधी बोलता बोलता थांबतात का?" तो म्हणाला, "हो, थांबते ना. मी हाका मारतो, ती नुसती बघत राहते. मला वाटायचं लक्ष नाही." मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं! त्या तंद्र्याही फिट्सच निघाल्या, आणि माझे १२ महिने झाले. तेव्हा अपॉइंटमेंटला जाताना घरातलं कुणीतरी बरोबर न्या. अंग आखडून पडणं म्हणजेच फिट, असं नसतं.

आता एक गोष्ट जी मला कुणी वेळेत सांगितली नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीच असेल तर लायसन्स रद्द व्हायची वाट बघू नका, स्वतःहून परत करा. बंदीची मुदत संपायच्या ८ आठवडे आधी पुन्हा अर्ज करता येतो. आपणहून परत केलं असेल, मुदत पूर्ण झाली असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील, तर अर्जाचा निकाल लागेपर्यंतही गाडी चालवता येते. रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ चं कलम ८८, त्याच्या अटी नीट वाचा. त्यांनी रद्द केलं असेल तर ही सवलत मिळत नाही, नवं लायसन्स हातात येईपर्यंत थांबायचं. माझं रद्द झालं होतं, त्यामुळे मी थांबले.

मधल्या काळासाठी: इंग्लंडमध्ये असाल तर आजारामुळे गाडी बंद झालेल्यांना कौन्सिलकडून फुकट बस पास मिळू शकतो. एपिलेप्सीमुळे बंदी असेल तर डिसेबल्ड पर्सन्स रेलकार्डही मिळतं, तुम्हाला आणि बरोबरच्या एका मोठ्या माणसाला तिकिटात एक तृतीयांश सूट. त्या नावाला बिचकून मी पाच महिने पूर्ण तिकीट भरत होते, शुद्ध वेडेपणा. नोकरीवर जायचे वांधे होत असतील तर ॲक्सेस टू वर्क या सरकारी योजनेत टॅक्सीच्या खर्चाला मदत मिळते का ते विचारा.

आणि फॉर्मवर फिटची तारीख डिस्चार्जच्या कागदावर आहे तीच लिहा. मी घाईत डॉक्टरांना भेटल्याची तारीख टाकली होती, ती दुरुस्त करायला दोन पत्रं आणि बरेच फोन लागले.