चाळिशी लागताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळं आहे, तरी काहीतरी हुकलंय असं वाटतं, असं तू लिहितोस, आणि पुढच्याच ओळीत हातातली नोकरी सोडून, चालून आलेल्या दुसऱ्या नोकरीत सगळं नव्याने मांडावं का, असं विचारतोस. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर फार घाईने उडी मारलीस. मन लागत नाही हे खरं असेल. पण त्यावरून आयुष्याची निवडच चुकली, असं ठरत नाही.

'मध्यवयातलं संकट' हा शब्दप्रयोग मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९६५ साली वापरला आणि तो असा काही रुळला, की आता चाळिशी जवळ आली की माणूस संकटाची वाटच बघत बसतो. पुढे २००८ मध्ये ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांतली पाहणी एकत्र मांडली. तरुणपणी समाधान वर, चाळिशीच्या मध्याला तळाशी आणि नंतर पुन्हा चढतं, असं त्यांना दिसलं. सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. तरी २०१२ मधला एक अभ्यास मला आवडतो. पाचशेवर चिंपांझी आणि ओरांगउटान या वानरांच्या मनःस्थितीची नोंद त्यांना रोज सांभाळणाऱ्यांकडून घेतली, तर तिथेही मध्यवयात तसाच खळगा दिसला. त्या बिचाऱ्यांना ना घराचे हप्ते, ना बढतीची चिंता!

म्हणून आत्ताची मरगळ हा तुझ्या आयुष्यावरचा निकाल समजू नकोस. मुलं अजून लहान, आई-वडील थकत चाललेले, ऑफिसात जबाबदारी सगळ्यात जास्त, हे सगळं एकाच वेळी अंगावर आलंय. त्यात झोप अपुरी. अशा डोक्याने माणूस निर्णय घेत नाही, नुसता सुटायला बघतो.

आता कामाबद्दल. तुझी खरी तक्रार कंटाळ्याची आहे. 'जे येतं तेच रोज करतोय,' असं लिहिलंयस. पण जे तुला सहज येतं, ते तुझ्या हाताखालच्या मुलीला येत नाही, आणि तिला ते शिकवणं हे वेगळंच कौशल्य आहे. ते तुला अजून जमलेलं दिसत नाही. तिने तक्ता चुकीचा भरला की तू तिच्या हातातून माऊस घेतोस आणि दोन मिनिटांत काम उरकतोस, हे तूच सांगितलंस. पुढच्या वेळी हात मागे बांधून तिच्या बाजूला उभा राहा. ती चुकीच्या रकान्यात जाईल, परत येईल, तुझ्या पद्धतीपेक्षा लांबच्या वाटेने जाईल. बोटं शिवशिवतील, पण बोलू नकोस. तिने विचारलं, तर उत्तराऐवजी उलट प्रश्न विचार. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी माणसाच्या वाढीचे टप्पे मांडले, त्यात मध्यवयाचं काम हेच सांगितलं आहे: पुढच्यांना घडवणं. ते झालं नाही, तर साचलेपण येतं. तुझा कंटाळा मला त्या साचलेपणातला वाटतो, आणि नवीन ऑफिसात तो तुझ्याबरोबरच येईल.

वय झालं, आता डोकं चालत नाही, हे रडगाणंही पुरे. २०१५ मध्ये हार्टशोर्न आणि जर्मिन या संशोधकांनी हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवलं, की सगळ्या क्षमता एकाच वयात शिखरावर नसतात. माहिती झटपट हाताळण्याचा वेग लवकर ओसरतो, पण समोरच्याचा चेहरा वाचणं चाळिशी-पन्नाशीपर्यंत चांगलं राहतं आणि शब्दसंपत्ती त्याहूनही पुढे वाढते. म्हणजे तुझ्याकडे येतंय ते माणसं ओळखण्याचं काम, आणि तू अजून वेगाची शर्यत धावतोयस.

जेवणावर तू एकच ओळ लिहिलीस, की वजन वाढतंय, चयापचय मंदावला असणार. तसं नाही रे. २०२१ मध्ये सहा हजारांवर लोकांच्या मोजमापांवरून संशोधक हर्मन पाँटझर आणि सहकाऱ्यांना दिसलं, की शरीराचं आकारमान हिशेबात घेतलं तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळपास स्थिर असतो. मग वजन वाढतं कशाने? तुझं रात्रीचं जेवण मी बघितलंय. मुलांच्या ताटात उरलेलं ओट्याजवळ उभ्यानेच संपवायचं, डाव्या हातात फोन, मग स्वतःचं ताट, तेही पाच मिनिटांत. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्याच्या आत तू हात धुऊन मोकळा. दिवसातलं एक जेवण तरी खाली बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून कर. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात, म्हणून ताटात प्रथिनं असू देत आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचल. नुसतं चालणं पुरत नाही. आणि कधीतरी स्वतः रांधून वाढ. मुलाला चिरायला बसव, तुकडे ओबडधोबड होतील, होऊ देत. मुलांना समोर बसवून 'आज शाळेत काय झालं?' विचारलं, की 'काही नाही' येतं. हात कामात असले, की तीच मुलं आपणहून सगळं सांगतात.

घरच्यांबद्दल फार सांगत नाही, तुला कळतं. एवढंच, की बायकोशी तुझं बोलणं सध्या फी, औषधं आणि कोण कुणाला आणायला जाणार यापलीकडे जात नाही. नोकरी सोडायचा विचार तिला सांगितला आहेस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. मला लिहिण्याआधी तिला सांगायला हवं होतंस.

नोकरी सोडूच नकोस, असं माझं म्हणणं नाही. नव्या ठिकाणी उत्तर द्यायची मुदत किती आहे ते कळव. महिनाभर असेल, तर आधी पंधरा दिवस पुरेसा झोप. मग पगार, कामाचे तास आणि येण्या-जाण्याचा वेळ, दोन्हीकडचं एका कागदावर मांड आणि दोघं मिळून बघा. तो कागद मलाही पाठव. रविवारी फोन केलास तरी चालेल, पण दहानंतर कर.

तुझी,
मावशी