महाप्राण म्हणजे नेमकं काय

अरे महाप्राण शब्द बघून घाबरू नकोस, इथे प्राण म्हणजे जीव नाही तर श्वास, संस्कृतात 'अन्' म्हणजे श्वास घेणं त्याला 'प्र' लागलाय, म्हणून महाप्राण म्हणजे जास्त हवेचा वर्ण आणि अल्पप्राण कमी हवेचा. कोणते वर्ण महाप्राण याची यादी पाठ करत बसू नको, तोंडासमोर तळहात धर आणि आधी 'कार' मग 'खार' म्हण, ख ला हवेचा झोत लागतोच. घ, भ पण महाप्राणच, पण त्यांना झोत तेवढा जाणवत नाही, तिथे गोंधळ होतो. आणि गंमत बघ, हिंदीत भूख, हाथ पण आपल्याकडे भूक, हात, शेवटचा प्राण गेलाच की! दूध तर लिहितो ध ने पण बोलताना बरेच जण दूदच म्हणतात. आणि हो, म्हैस मधला म्ह पण जास्त हवेचाच, तो म-ह असा तोडू नको, एका दमात म्हण.