निकिता हे रशियात पुरुषाचं नाव कसं काय?

हो, तिकडे ते पुरुषाचंच नाव आहे, सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह आठवा. आपल्याकडे निकिता मुलगीच असते म्हणून गोंधळ होतो. मूळ ग्रीक निकितास, म्हणजे विजेता, ऑर्थोडॉक्स चर्चबरोबर रशियात आलं, शेवटचा स गळाला आणि नाव आकारान्त उरलं. युक्रेनियनमध्ये मिकिता.

खरी गंमत व्याकरणात आहे, नाव चालतं स्त्रीलिंगी शब्दांसारखं पण सोबतची विशेषणं, क्रियापदं सगळी पुल्लिंगी, म्हणजे 'माझ्या निकिताला (बघतो)' हे 'मोयेवो निकितू' होतं, 'माझ्या' पुरुषी थाटाचं आणि नावाचा प्रत्यय बायकी! इल्या हे पुरुषाचं नाव पण असंच चालतं. वडिलांचं नाव लावताना मुलगा निकितिच, मुलगी निकितिच्ना, म्हणून ख्रुश्चेव्हचा मुलगा सर्गेई निकितिच.