'वहिवाट' की 'रूळवापराचा हक्क'?

अमेरिकेतील रेल्वेविषयीच्या लेखाचा अनुवाद करणाऱ्या सोलापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे, की 'ट्रॅकेज राइट्स' या संज्ञेसाठी 'वहिवाटीचा हक्क' आणि 'मेंटेनन्स'साठी 'डागडुजी' हे शब्द चालतील का. 'वहिवाट' हा शब्द मला फार प्रिय आहे, तरीही तो येथे वापरू नये असे मला वाटते.

संज्ञेमागील व्यवहार असा आहे: लोहमार्ग एका कंपनीच्या मालकीचा असतो आणि दुसरी कंपनी करार करून, मोबदला देऊन, त्यावरून आपल्याच इंजिनाने व आपल्याच चालकांकरवी गाड्या नेते. वहिवाट मात्र करारातून नव्हे, तर वापरातून उभी राहते. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडी गेली म्हणून जी अडवता येत नाही, ती वहिवाटीची वाट. 'सामाईक मार्ग' हा पर्यायही फसवा आहे, कारण सामाईक विहिरीत भावकीचा मालकीतच हिस्सा असतो. सातबाऱ्यावर मालकाचे नाव एकीकडे आणि 'इतर अधिकार' दुसरीकडे लिहितात; आपल्याला हवा असलेला अर्थ त्या दुसऱ्या रकान्याच्या जवळचा आहे. म्हणून 'रूळवापराचा हक्क' असे सरळ म्हणावे.

आपल्या भागात असा शब्द रुळला नाही, याचे एक कारण मला होटगी आणि कुर्डुवाडी या जंक्शनांवर दिसते. सोलापूरवरून जाणारा जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा) मार्ग ब्रॉडगेज म्हणजे रुंद रुळांचा, होटगीहून गदगकडे जाणारा त्याहून अरुंद मीटरगेज आणि कुर्डुवाडीहून १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे तर दोन रुळांत अवघे अडीच फूट अंतर असलेली! एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर चढणेच शक्य नव्हते; माल उतरवून पुन्हा भरावा लागे. पुढे सर्व मार्ग ब्रॉडगेज झाले, पण तोवर ते सारे भारतीय रेल्वेचेच झाले होते.

'डागडुजी' म्हणजे बिघडलेले तात्पुरते नीट करणे. रुळांची निगा रोजची असते: की-मन पायी फिरून रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या तपासतो, गँगमन स्लीपरखाली (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांखाली) खडी ठोकून बसवतात. त्यामुळे 'देखभाल' हाच शब्द योग्य. येथे 'झीज' आणि 'घसारा' यांतही गल्लत नको, कारण घसारा हिशेबाच्या वहीत असतो आणि झीज लोखंडावर. लाकडी स्लीपर गाडी न धावताही पावसाने कुजतो, रूळ मात्र वरून जाणाऱ्या वजनाने झिजतो. म्हणूनच अनेक करारांत देखभालीचा खर्च समसमान न वाटता, कोणाचे किती डबे किंवा किती टन गेले यावर ठरवतात. अशा ठिकाणी नुसते 'वाटून घेतात' लिहिल्यास वाचक निम्मे-निम्मे समजेल.

म्हणून अनुवादात हा व्यवहार सांगणारे वाक्य मी असे लिहीन: 'रूळवापराचा हक्क असलेली कंपनी मार्गाच्या देखभालीचा खर्च आपल्या वाहतुकीच्या प्रमाणात मालक कंपनीला देते.'