पलटणीतला दत्तू, दाखल्यावरचा दत्तात्रय

प्रश्न : सुभेदार साहेब, रामराम. मी गडहिंग्लज तालुक्यातला. १९८१ साली भरती झालो, १९९९ साली नाईक म्हणून पेन्शनवर आलो. भरतीला कारकुनानं नाव विचारलं तेव्हा घरात हाक मारायचे तेच सांगितलं, दत्तू बाळा. डिस्चार्ज बुकात तेच, पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशातही तेच. शाळेच्या दाखल्यावर मात्र दत्तात्रय बाळासो आहे, आणि आधार, पॅन, सातबारा सगळं त्यावरच झालंय. इतकी वर्षं बँकेत चालून गेलं. पेन्शन ‘स्पर्श’वर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर गेल्यापासून हयातीच्या दाखल्याला नाव जुळत नाही. एकजण म्हणतो, आधारवरच दत्तू करून टाक, मोकळा होशील. एक एजंट पंधरा हजार मागतोय. पण खरं सांगायचं तर पदकाच्या कडेवर दत्तू कोरलंय, अठरा वर्षं त्याच नावावर ‘हाजिर साब’ म्हटलंय. ते पुसायला मन घेत नाही. मंडळींचंही तसंच, पीपीओत माहेरचं आक्काताई, आधारवर सुमन. काय करावं? आडनाव आणि नंबर छापू नये.

उत्तर : दत्तात्रयराव, रामराम. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचं नाव ज्यानं लिहिलं त्या कारकुनाच्या जागी मी कितीतरी वर्षं बसलोय. तुमचं नाव माझ्या हातचं नाही, पण अशी नावं माझ्या हातूनही गेली आहेत.

कशी जातात ते सांगतो, म्हणजे तुमच्या मनातली टोचणी कमी होईल. पहाटेपासून रांगेत उभी असलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं. धावणं झालेलं, छाती मोजून झालेली, अंगावर फक्त चड्डी. टेबलाशी आल्यावर ‘नाम?’ म्हणून दरडावून विचारलं की आई ज्या नावानं हाक मारते तेच तोंडात येतं. लिहिणारा कधी गढवालचा, कधी केरळचा. आपल्याकडच्या ‘बाळासो’, ‘आप्पासो’, ‘रावसो’मधला ‘सो’ म्हणजे साहेब, हे त्याला कुठून ठाऊक? कुणी तो ‘सो’ तोडला, कुणी ‘ळ’चा ‘ल’ केला, कुणी बापाचं नाव आडनावाच्या जागी टाकलं. सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत मी जिथं जिथं गेलोय, तिथं असा एकतरी माजी सैनिक पिशवीतली कागदं काढून दाखवतोच. तुम्ही खोटं काहीच सांगितलं नाही. घरचं खरं नाव सांगितलंत.

आता कामाचं. एजंटाला एक रुपया देऊ नका. सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात त्याला कुणी ओळखत नाही. तो तुमच्याच कागदांच्या झेरॉक्स काढून तुमच्याच नावानं पोस्टात टाकणार.

आधारवर दत्तू करू नका. सोपं वाटतं म्हणून आपली माणसं हेच करतात आणि पुढं अडकतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शिवाय आधार बदललं की पॅन बदला, मग सातबारा, मग पोरांच्या दाखल्यावरचं बापाचं नाव. जिथं चार कागद बरोबर आणि एक चुकीचा, तिथं तो एक दुरुस्त करायचा. तुमच्या बाबतीत तो लष्कराचा.

ही दुरुस्ती बँक करत नाही. पीपीओ प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून निघतो, पण ते कार्यालयही आपणहून नाव बदलत नाही. तुमच्या नोकरीचा मूळ कागद, शीट रोल, रेकॉर्ड ऑफिसात असतो, म्हणून अर्ज तिथं. कोल्हापूरकरांना वाटतं सगळं बेळगावला जातं. तसं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलाचं खडकी. डिस्चार्ज बुकावर तुमच्या रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का आहे, तोच पत्ता. ‘स्पर्श’वर विनंती टाकलीत तरी नावाची पडताळणी रेकॉर्ड ऑफिसकडूनच व्हावी लागते. त्यांनी मान्य केलं की मग कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ निघतो.

अर्जाच्या अगदी वर आर्मी नंबर लिहा, शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. ते अक्षर गाळलेले अर्ज मी पाहिलेत, उगाच फिरत राहतात. खाली साधं लिहा : दत्तू बाळा आणि दत्तात्रय बाळासो ही एकच व्यक्ती, भरतीच्या वेळी घरचं नाव नोंदलं गेलं, आता शाळेच्या दाखल्याप्रमाणे नाव करावं. सोबत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रातली जाहिरात, राजपत्रातली प्रसिद्धी, आणि शाळेचा दाखला, आधार, पॅन, पीपीओ, डिस्चार्ज बुक यांच्या साक्षांकित प्रती. प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसचा नमुना थोडा वेगळा असतो, म्हणून जाहिरातीवर पैसे घालण्याआधी त्यांच्याकडून यादी मागवा. कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, त्यांच्या पत्रासोबत अर्ज गेला तर बरं.

इथं दोन ठिकाणी सांभाळा. पहिलं म्हणजे स्पेलिंग. दत्तात्रय इंग्रजीत लिहिताना शेवटी ‘ए’ आहे की नाही, आधारवर काय आणि पॅनवर काय, हे आधी समोरासमोर ठेवून बघा. त्या दोघांत फरक असेल तर आधी तो मिटवा. नाहीतर प्रतिज्ञापत्रात एक, जाहिरातीत दुसरं, राजपत्रात तिसरं, आणि पुन्हा पहिल्यापासून खर्च.

दुसरं जास्त महत्त्वाचं. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख डिस्चार्ज बुकातल्या तारखेशी जुळते का? आपल्याकडं एक जूनला जन्मलेली पोरं थोडी नाहीत, मास्तरांनी घातलेली तारीख. दोन्हीकडं तीच असेल तर काही प्रश्न नाही. फरक असेल तर दाखला जोडायच्या आधी सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, आणि नावाच्या अर्जात जन्मतारखेचा विषय काढू नका. तारखेचे नियम फार कडक आहेत, पेन्शनवर आल्यावर ती बदलून मिळायची आशा धरू नये.

आता पदकाचं. दत्तात्रयराव, ते कुणी पुसत नाही. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, ते आहे तसंच राहणार. शीट रोलवरही जुनं नाव खरवडून नवं घालत नाहीत. जुनी नोंद राहते आणि दुरुस्ती कुठल्या आदेशानं झाली ते तिच्यासोबत नोंदवलं जातं. दत्तू आणि दत्तात्रय यांना बांधून ठेवणारा तुमचा नंबर आहे, आणि तो बदलत नाही. पलटणीतले सोबती भेटले की दत्तू म्हणूनच हाक मारतील, त्यांना ओ देत जा.

पण तुमच्या पत्रातली शेवटाकडची, वहिनींची ओळ मला सगळ्यांत जड वाटली. तुमचं नाव जुळत नाही, तुम्ही जिवंत आहात, सही कराल, हेलपाटे घालाल. वहिनींचं काय? उद्या तुमच्यामागं फॅमिली पेन्शन मागायला सुमन जाणार, आणि कागद म्हणणार, आमच्याकडं आक्काताई आहे. लग्नात तांदळात अंगठीनं नाव लिहून सून सुमन झाली, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत, कार्यालयात कुणाला? मी नोकरीत असताना एक बाई आल्या होत्या, अशाच, दोन नावांच्या. कागदं फडक्यात बांधलेली. नवरा जाऊन वर्ष झालेलं. लग्नाची नोंद माहेरच्या नावानं, ते नाव ओळखणारे सासू-सासरे वारलेले, आणि ही तीच बाई म्हणून सांगणारा जो एक माणूस होता, त्याच्याच पेन्शनसाठी त्या आल्या होत्या. त्यांना मी चार वेळा परत पाठवलं, कारण नियमानं मला तेच करावं लागत होतं. पाचव्या खेपेला माहेरच्या सरपंचांचा दाखला आणि भावाचं प्रतिज्ञापत्र आलं तेव्हा फाइल पुढं गेली. त्या चार खेपा मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून वहिनींचा अर्ज तुमच्याबरोबरच करा, पण कागद वेगळा. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र, तुमची सही, दोघांचा जोडफोटो, असेल तर लग्नाचा दाखला आणि माहेरच्या शाळेचा दाखला. न्यायालयात जाल त्या दिवशी त्यांनाही सोबत न्या. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, पोच आणि सगळ्याची एक प्रत घरात ठेवा, आणि ती कुठं ठेवलीय ते वहिनींना दाखवून ठेवा.