टीटी: बेटावरची आणि मातीतली

एका वाचकाचा प्रश्न: 'अमेरिकेतल्या डर्ट ट्रॅक मोटरसायकल शर्यतींच्या निकालांत "पिओरिया टीटी" असं वाचलं. टीटी म्हणजे आयल ऑफ मॅन बेटावरची, डांबरी रस्त्यावरची शर्यत ना? ती मातीत कशी?'

नाव त्याच बेटावरून आलंय, अर्थ मात्र अमेरिकेत पार पालटला.

1907 साली बेटावर सुरू झालेल्या शर्यतीचं पूर्ण नाव 'टूरिस्ट ट्रॉफी'. टूरिस्ट म्हणजे इथे पर्यटक नव्हे, तर प्रवासाला वापरायची साधी गाडी. म्हणून पहिल्या वर्षी मडगार्ड सक्तीचे होते आणि पेट्रोलही हिशेबात मिळायचं. 1911 मध्ये अमेरिकेच्या 'इंडियन' गाड्यांनी तिथे सीनियर गटात पहिले तिन्ही नंबर पटकावले, त्यामुळे हे नाव अमेरिकेला काही परकं नव्हतं.

अमेरिकेत मातीवरच्या शर्यती बहुतेक जत्रेच्या मैदानांत, घोड्यांच्या ट्रॅकवर व्हायच्या. 'माइल' आणि 'हाफ माइल' ही मापं तिथलीच. ट्रॅक सपाट, लंबगोल आणि वळणं फक्त डावी. स्वार डाव्या बुटाला पोलादी तळ बांधतो, वळणावर तो पाय मातीवर टेकवत मागचं चाक घसरवत नेतो. पुढचा ब्रेक नसतोच. (आपल्याकडे डर्ट ट्रॅक म्हटलं की उंचवटे आणि उड्या आठवतात. अमेरिकेत मात्र डर्ट ट्रॅक म्हणजे मुख्यतः ही सपाट माती.)

टीटीही मातीतच, पण तिच्यात निदान एक उजवं वळण आणि एक उडी हवी. उजव्या वळणाने सगळी गंमत बदलते: डाव्या पायातलं पोलाद तिथे निकामी, आणि अंगात मुरलेली डावीकडची सवय आडवी येते. म्हणून टीटीला पुढचा ब्रेक चालतो. या प्रकाराला पूर्वी 'टीटी स्टीपलचेस' म्हणत. स्टीपलचेस ही घोड्यांची अडथळ्यांची शर्यत. म्हणजे नावाचा अर्धा भाग बेटाकडून उसना, अर्धा तबेल्यातून!

फरक सगळ्यात लख्ख दिसतो तो 1954 पासूनच्या ग्रँड नॅशनल या अमेरिकी अजिंक्यपद मालिकेत. त्याआधी काही वर्षं इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डची एकच माइल शर्यत जिंकणारा वर्षाचा विजेता ठरायचा. नव्या मालिकेत पाच प्रकारांचे गुण एकत्र धरले जाऊ लागले: माइल, हाफ माइल, शॉर्ट ट्रॅक (त्याहून लहान लंबगोल), टीटी आणि रोड रेस (डांबरी रस्त्यावरची). बघा, टीटी आणि रोड रेस इथे दोन निराळ्या गोष्टी होत्या. बेटावर मात्र टीटी हीच रोड रेस. पाचही प्रकारांत जिंकणारा पहिला स्वार डिक मॅन. पुढे केनी रॉबर्ट्स, बबा शोबर्ट आणि डग चँडलर यांनाही ते जमलं.

मराठीत लिहिताना 'पिओरियाची टीटी' असं सरळ लिहावं, शर्यत म्हणून स्त्रीलिंगी. 'टूरिस्ट ट्रॉफी' असा विस्तार मात्र अमेरिकी शर्यतीला लावू नये. आणि मथळ्यात नुसतं 'टीटी' नको, निम्मे वाचक धनुर्वाताचं इंजेक्शन समजतील.