आय-५ ४५७० प्रोसेसरच्या जुन्या डेस्कटॉपवर गेम खेळायचे आहेत, पण पैसे मोजकेच आहेत. आधी काय बदलावे?

आपल्याकडे ८ जीबीची एकच रॅम आणि हार्ड डिस्क असलेला, ग्राफिक्स कार्ड नसलेला ऑफिसातला डेस्कटॉप आहे. त्यामुळे आधी ४ जीबीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, मग सॅटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्याहून वेगवान डिस्क) आणि पैसे उरल्यास ८ जीबीची दुसरी डीडीआर३ रॅम, या क्रमाने खर्च करावा. मदरबोर्डला हात लावू नये, कारण तो बदलला की प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते आणि सगळे बजेट तिथेच संपते. उलट कार्ड आणि एसएसडी पुढे नव्या मशीनमध्येही वापरता येतात. १६५० सुचवण्याचे कारण असे, की त्याची साधी आवृत्ती ७५ वॉटमध्ये चालते आणि तेवढी वीज कार्ड ज्यात बसते त्या मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधूनच मिळते. ऑफिसच्या डेस्कटॉपमधील पॉवर सप्लायला कार्डसाठीची सहा पिनांची वायर बहुधा नसतेच. याच कार्डाच्या काही मॉडेलांना मात्र ती वायर लागते, म्हणून घेण्यापूर्वी कार्डाची कड नीट पाहावी: तिथे सहा पिनांचे सॉकेट दिसले, तर ते कार्ड आपल्या कामाचे नाही. कॅबिनेट अरुंद असेल तर ‘लो प्रोफाइल’ म्हणजे कमी उंचीचे कार्डच मागावे, आणि सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच अर्धा तास गेम चालवून पाहण्याचा आग्रह जरूर धरावा. एवढ्यावर व्हॅलोरंट, जीटीए ५ यांसारखे गेम १०८० पिक्सेलवर चांगले चालतात. परंतु एका वेळी चारच कामे (थ्रेड) हाताळणाऱ्या या प्रोसेसरवर अलीकडचे मोठे गेम अडखळतील आणि त्यावर कोणतेही कार्ड उपाय ठरणार नाही.